बिनखिशाचा शर्ट

पाथरीच्या बसस्थानकाजवळच्या एका भोजनालयात आश्रुबा एकोणीस वर्षांपासून वाढपी आहे. डाव्या हातावर चार ताटं, उजव्या हातात पाण्याचा जग, आणि चाल अशी की वरणाची वाटी हिंदकळत नाही. बघणाऱ्याला हे सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्यानं दुपारी बारा ते चार भरल्या ताटांच्या खेपा घालून बघाव्यात. पोळी गार झालेली दिसली तर आश्रुबा ती न सांगता परत नेतो आणि गरम आणतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

गिऱ्हाइकांना याची जाण होती. साईबाबांच्या दर्शनाला पाथरीत आलेले लोक जाताना बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवत. कुणी थेट त्याच्या खिशात घालत. मुलगी निकिता परभणीला नर्सिंग शिकत होती. पगारावर घर चाले, तिची खाणावळ या टिपेवर.

दिवाळीच्या तोंडावर मालक माणिकराव कापडाचा गठ्ठा घेऊन घरी आले. आश्रुबाची बायको सरजाबाई कपडे शिवते. हॉटेलातल्या माणसांसाठी बारा शर्ट हवे होते, सगळे एका रंगाचे, खिसा नको. सरजाबाई खूश झाली. खिसा लावणं हे शर्टातलं किचकट काम. दोन्ही कोपरे सारखे आले नाहीत तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. तेवढी मेहनत वाचली, कापडही वाचलं. खिसा का नको, हे ना तिनं विचारलं ना आश्रुबानं. बारा शर्टांची काजं त्यानंच शेजारी बसून मोजली.

पाडव्याला शर्ट वाटले, आणि त्याच दिवशी गल्ल्याशेजारी कुलपाचा काचेचा डबा आला. माणिकरावांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की टीप डब्यात टाकायची. महिन्याला डबा उघडेल. अर्धी रक्कम मोडतोडीला आणि एसीला, उरलेली सगळ्या माणसांत वाटायची. भांडी घासणाऱ्या बाईला वाटा मिळणार याला आश्रुबाची ना नव्हती. तीही राबतेच. त्याला टोचलं ते दुसरं.

“मालक, अर्धं तुमाला कशापायी?”

“मामा, गिऱ्हाईक तुमचं तोंड बघून येतंय का एसी बघून?” माणिकराव हसत म्हणाले. “एसीला मागायला तोंड न्हाई, म्हणून त्याच्या वतीनं मी मागायलोय.”

सगळे हसले. नंतर भटारखान्यात नागनाथ नावाचा तरणा वाढपी आश्रुबाला म्हणाला, “आता कुरकुर करून काय उपयोग मामा? फास तर तुमच्याच घरी वळलाय.”

हे आश्रुबानं घरी सांगितलं तेव्हा सरजाबाईनं शिलाई मशीन थांबवलं. मग म्हणाली, “आतून एक खिसा लावून देते. कोण बघायलंय?”

“लपवलं की ती चोरी झाली. लोक मला उजेडात देतेत,” आश्रुबा म्हणाला, आणि विषय संपला.

आपल्या सुटीच्या दिवशी एसटीनं तो परभणीला गेला, कामगारांचं कामकाज बघणाऱ्या कचेरीत. साहेब भला माणूस होता. बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. पगाराचा कायदा आहे, कामाच्या तासांचा आहे, पण टिपेविषयी वेगळं काही त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

“मग मालकाला घेता येतंय का न्हाई?” आश्रुबानं विचारलं.

“घ्यावी असं मी कुठं वाचलं नाही. घेऊ नये असंही वाचलं नाही,” साहेब म्हणाले. “पगाराची चौकशी मात्र लावता येईल. नेमणुकीचं पत्र आहे का?”

पत्र नव्हतं. साहेबांनी कोरा अर्ज दिला, आणि अर्जावर नाव द्यावं लागेल हेही सांगितलं. आश्रुबानं गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. आपलं नाव लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. तक्रारीवर सोबत सही करा म्हणून त्यानं येण्याआधी बाकीच्या वाढप्यांना विचारलं होतं, पण नागनाथसकट चौघांनी नकार दिला होता. एकट्याच्या नावाचा कागद पाथरीला पोचला की दुसऱ्या दिवशी ताटं दुसऱ्या कुणाच्या हातावर असतील. त्यानं अर्जाची घडी घातली. अंगात घरचा शर्ट होता. त्याला खिसा होता, त्यात ठेवली.

पंधरा दिवसांनी चारठाण्याचे एक निवृत्त गुरुजी बायकोला घेऊन जेवायला आले. बाईंचा उजवा हात लुळा होता. आश्रुबानं तिखट नसलेली भाजी आणली, भाकरी वरणात बारीक कुस्करून दिली, आणि त्यांचं जेवण होईतो नजर ठेवली. निघताना गुरुजी त्याच्याजवळ आले. आश्रुबाचे दोन्ही हात ताटांनी भरलेले. गुरुजींनी सवयीनं शंभराची नोट त्याच्या छातीशी नेली. बोटं कापडावर चाचपडत राहिली.

“खिसा कुठाय?” त्यांनी विचारलं.

आश्रुबानं मानेनं डबा दाखवला. गल्ल्यावरून माणिकराव बघत होते.

“मला तुमाला द्यायचेत. डब्यानं भाकरी कुस्करली न्हाई,” गुरुजी म्हणाले. थोडा वेळ ते नोट हातात धरून उभे राहिले. मग ती त्यांनी आपल्याच खिशात घातली, नमस्कार केला आणि बायकोला धरून पायऱ्या उतरले. आश्रुबा ताटं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. वरण हिंदकळलं नाही.

संध्याकाळी घरी नवा गठ्ठा येऊन पडला होता. माणिकराव मानवतला दुसरं भोजनालय काढणार होते. वीस शर्ट, तसेच. शिलाईची उचल त्यांनी सरजाबाईच्या हातात देऊनही टाकली होती. दुपारीच निकिताचा फोन येऊन गेला होता. खाणावळवालीनं शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

सरजाबाईनं कापड पसरलं होतं, कात्री बाजूला पडली होती.

“काय करू?” तिनं विचारलं. “परत नेऊन देऊ का?”

आश्रुबानं हातपाय धुतले. खाली बसून कापडाचं दुसरं टोक धरलं आणि सुरकुती राहणार नाही असं ताणलं.

“काप,” तो म्हणाला.

तिनं खडू घेतला. गळा आखला, खांदा आखला. हाताच्या सवयीनं छातीच्या डाव्या बाजूला खिशाची चौकटही आखली गेली. ती तिनं पदरानं पुसली. नवं कापड होतं, खडू लवकर निघेना.