देगलूरचा ग्रॅनाइट आणि ‘मुलींची जबाबदारी’

आमच्या केनवडच्या शेताखालचा काळा दगड किती खोल आहे? मला सांगता येत नाही. भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवी माझी, तरी नाही. तो दगड म्हणजे लाव्हाचे थरांवर थर. त्याखाली आपल्या खंडाचं मूळ, फार जुनं कवच आहे, असं पुस्तकात वाचलं. ते उघडं पाहायचं तर वाशीम जिल्हा सोडून नांदेडच्या पुढे, देगलूरकडे जावं लागतं. आमच्या कॉलेजची अभ्याससहल तिथेच जाते. मुलांची. आम्हा मुलींना विभागप्रमुख हसून म्हणाले, “मुलींची जबाबदारी कोण घेणार? फोटो पाहून अहवाल लिहा.” लिहिला. चांगले गुण मिळाले. मला त्या गुणांचाच जास्त राग येतो.

निकालानंतर मायला म्हटलं, “मी देगलूरले जातो.”

“एकटी? थांब, मीबी येतो. या बाजारची वांगी तुया बाप विकन.”

केनवडहून जीपने रिसोड, तिथून एसटीने वाशीम. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. कंडक्टरने विचारलं, “मायलेकी कुठं, देवाले?”

“दगड पाहाले,” मी म्हटलं.

“दगड तं आमच्या गावातबी लय हायेत!”

“दिसलं ना,” माय म्हणाली, “एक तं तिकिटं फाडून राह्यला.” मागच्या सीटपर्यंत हशा.

वाशीमहून नांदेडला रेल्वे बरी पडते. भाकरी-ठेचा सोबत होता, स्टेशनवर फक्त चहा घेतला. मुक्काम नांदेडलाच करा. पण लॉज शोधताना डोकं शांत ठेवा. माझं राहिलं नाही. दोघींची आधारकार्डं समोर असताना मॅनेजर म्हणतो, “सोबत जेन्ट्स कोण?”

“पिशवीत हाय, काढू का?” मायने विचारलं. त्याने मुकाट्याने किल्ली दिली.

सकाळी एसटीने देगलूर. पुढे रिक्षा, सहाशे सांगतात, येऊन-जाऊन चारशेत ठरते. गावाबाहेर पडलं की कोणीतरी रचून ठेवल्यासारखे गोल, प्रचंड खडक दिसू लागतात. मी रिक्षा थांबण्याआधीच उतरले.

हा दगड अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. आपला काळा दगड त्याच्यासमोर कालचा, साडेसहा कोटींचा. एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, खोलवर वितळलेला हलका रस वर चढतो आणि जमिनीखालीच सावकाश थिजतो. असे तुकडे एकमेकांवर आदळत, सांधले जात खंड तयार होतो. सांध्यावर डोंगर उठतात, मग कोट्यवधी वर्षांत झिजून जातात. आम्ही उभ्या होतो ती त्या झिजलेल्या डोंगरांची मुळं. परीक्षेत हे मी पाठ करून लिहिलं होतं. इथे हाताला उन्हाने तापलेले खडबडीत कण लागले आणि मला रडू आलं.

मायने माझं भिंग घेतलं. “खिचडीवानी दिसते. तांदूळ, मसुराची दाळ, वरून काळे तीळ.” गारगोटी, गुलाबी फेल्डस्पार, अभ्रक, तिने तिन्ही खनिजं वेगळी ओळखली होती. मग खडकावर टेकून म्हणाली, “याच्यात पोरी बिघडतीन असं काय व्हतं? काहून नाही नेलं तुमाले?”

शेजारच्या खडकावर सुरुंगासाठी छिद्रांची सरळ रांग पाडलेली होती. म्हणजे तोही राहणार नाही. त्याला फोडायला माणसं येतात, त्याला पाहायला मुलींनी येऊ नये!

पायाशी पडलेला एक तुकडा घेऊन आम्ही परतलो. आता तो घरी पाट्याशेजारी असतो: काळा आपला, गुलाबी त्याखालचा. राग मात्र निवला नाही. महिनाभराने कॉलेजात गेले तर यंदाच्या सहलीची यादी लागलेली. पुन्हा फक्त मुलं. विभागप्रमुखांना विचारलं. तेच वाक्य, तसंच हसू.

गेल्या रविवारी पहाटे रिसोडहून क्रूझर निघाली. आत दुसऱ्या वर्षाच्या नऊ मुली आणि मी. जबाबदारी पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. दुपारी नऊही जणींनी त्या खडकाला हात लावला.