पोळ्याची कर आणि हंडीजवळची जागा

"पोळा कुठंबी दिसते गा. तू करीले ये," जुना सहकारी प्रभाकर फोनवर म्हणाला, आणि मी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली.

सकाळी नागपुरात सदर भागात तर्री-पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, जपून मागा; मी जपलो नाही. मग महाल भागातून प्रभाकरचा मुलगा निखिल याच्या गाडीनं उमरेड रस्त्याला लागलो. रस्ता छान, तासाभराचा. बसही मिळते, पण करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लवकर निघालेलं बरं.

प्रभाकरचं घराणं विणकरांचं. माग कधीच थांबले, आता सगळे नोकरीत. तरी करीला घरचे पुरुष त्याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या, शेतात जमतात. सतरंजी, पत्ते, सावजी मटण आणि दारू. बायका घरीच थांबतात. "एक दिवस शांतता मिळते," प्रभाकरच्या बायकोनं निघतानाच सांगितलं होतं.

घरचा रिवाज असा, की मुलगा कमावता झाला की पहिला ग्लास मोठे बाबा स्वतःच्या हातानं देतात. यंदा पाळी निखिलची होती.

"ऑफिसात पोरं आग्रह करतेत, त्याइले मी सरळ नाही म्हणतो," गाडी लावताना तो मला हळूच म्हणाला. "पण मोठ्या बाबांच्या हातचा ग्लास कसा परत करू, काका? मागं एका भावानं केला. आता तो येतच नाही."

"तुले काहून नको?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"मले आवडत नाही. बस."

सतरंजीवर आधी माझ्यासमोर ग्लास आला. पन्नाशी उलटलेल्या मलाही नाही म्हणवलं नाही. मोठे बाबा निखिलचा ग्लास भरत असताना तो उठला आणि चुलीजवळ हंडी ढवळणाऱ्या प्रभाकरकडे गेला. "बाबा, हंडी मले द्या."

हंडी सांभाळणाऱ्याला जेवणं होईपर्यंत ग्लास नाही, हाही घरचाच नियम. मसाला करपायला नको.

"चहा तरी जमते का तुले?" प्रभाकर हसला.

मोठ्या बाबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "करू दे त्याले. पण बिघडली, तर दोन ग्लास."

पुढचे दोन तास पत्त्यांत कुणाचंच लक्ष नव्हतं. निखिल मसाला परतत होता, लागायला लागला की पाणी मारत होता, बाहीनं डोळे पुसत होता. शेवटी पानं वाढली. मोठ्या बाबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला. नाक पुसलं.

"मीठ कमी हाय."

त्यांनी दुसरा तुकडा बुडवला.

"पुढच्या करीले तूच कर. मीठ मी टाकीन."

प्रभाकर त्या दिवशी चुलीपासून पहिल्यांदाच सुटला होता आणि सतरंजीवर बसून त्यानं त्या संधीचं सोनं केलं. परतताना तो मागच्या सीटवर घोरत होता, निखिल गाडी चालवत होता.

पुण्यात येऊन आठवडा झाला. तिखट उतरलं. मित्रांना नाही म्हणणारी मुलं घरच्यांपुढे अडतात, हे मात्र डोक्यातून जात नाही. काल प्रभाकरचा फोन आला. आणखी दोन पुतण्यांनी पुढच्या वर्षी हंडीजवळची जागा मागितली आहे. मोठे बाबा वैतागलेत म्हणे, "सारेच रांधाले बसले, तर सतरंजीवर मी एकटा का करू गा?"