मॅनेजरसाठी लावलेला कौल

ऑफिसात कोणी डिंकाची बाटली उघडली की मी आजही उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटतं, साहेबांना हवा हवी आहे. वाटू दे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी त्या डिंकाने काय चिकटवलं होतं, हे त्यांना सांगितलं तर ते आधी पोट धरून हसतील. मीही हसायचो. ही गोष्ट मी पुष्कळ मैफिलींत हातवारे करून सांगितली आहे, पण दरवेळी अर्धीच. आज पुढची अर्धीही सांगतो.

अंधेरीला मरोळच्या रस्त्यावर आमची चाळ होती. निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारख्या कारकुनांची, निम्मी गिरण्या सोडून दुसऱ्या कामांना लागलेल्या कोकणी मंडळींची. चाळीमागे भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे मैदान. त्या मैदानावर आमचा फुटबॉलचा संघ हरायचा. खेळायचाही, पण मुख्यतः हरायचा.

संघाचा मॅनेजर एका स्टुडिओच्या फाटकावर दरवान होता. पंचेचाळिशीचा, काळा, ताठ, कमी बोलणारा. इंग्रजांच्या काळात त्याने गोऱ्या शिपायांचे सामने पाहिले होते आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती: फुटबॉल बूट घालून खेळायचा. आमची पोरं जन्मभर अनवाणी खेळलेली, चिखलात मासळीसारखी सुळकन निसटणारी. त्या वर्षी त्याने कुठून कुठून जुने बूट जमवले आणि अकराही जणांच्या पायांत चढवले. कोणाला ढिले, कोणाला घट्ट. आमच्या गोलकीपरचे दोन्ही बूट उजव्या पायाचे होते. आम्ही ओळीने पाच सामने हरलो.

आता प्रेक्षकांचं ऐका. आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा आवाज एका ट्राम कंडक्टरचा. तो मैदानाच्या कडेला उभा राहून सामनाभर बोलायचा आणि त्याचं ऐकायला लोक सामना सोडून त्याच्याजवळ यायचे. "पोरांच्या पायांत बूट घातलेन आणि डोक्यातली अक्कल काढलीन," तो म्हणायचा. "अरे, हे पळतायत की वरातीत चालतायत?" मॅनेजर सगळं ऐकायचा. कधी कधी मान फिरवून हसू लपवायचा, हे मी पाहिलं आहे.

पाचव्या हारीनंतर चाळीच्या जिन्यावर रोज संध्याकाळी वाद रंगू लागला. काढा म्हणणारे म्हणत, हा माणूस आपल्याला पार बुडवणार. ठेवा म्हणणारे म्हणत, बुटांची सवय व्हायला वेळ लागतो, यंदा हरू पण पुढच्या वर्षी बघा. मी ठेवा म्हणणाऱ्यांत होतो आणि सगळ्यांत जास्त बोलायचो. बुटांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माणूस मला आवडायचा, एवढंच.

आणि त्याची पत्रं मी लिहायचो. त्याला अक्षर येत नव्हतं. बायको एकटी गावी, सासू-सासरे जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिची पत्रं गावचे गुरुजी लिहीत, इथे ती मी वाचत असे. दर पत्राच्या शेवटी तेच असायचं: आता पुरे झाली मुंबई, घरी या. त्याचं उत्तरही ठरलेलं: मी संघ सोडला तर पोरं पांगतील. त्यांनी मला काढलं तर दुसऱ्या दिवशी निघतो. हे वाक्य मी माझ्या हाताने निदान सहा वेळा लिहिलं असेल. मला ती सबब वाटायची. वाटायचं, याचा जीव मैदानात आहे आणि बायकोला हा गोड बोलून थोपवतोय.

वाद मिटेना तेव्हा कोकणी मंडळींनी त्यांच्या पद्धतीचा तोडगा काढला. देवाला विचारायचं. चाळीमागे भेंडीच्या झाडाखाली त्यांनी गावाहून आणलेली एक पाषाणाची मूर्ती बसवली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला ते कौल म्हणत. लग्न, जमीन, आजारपण, सगळं असंच ठरायचं. फुटबॉल पहिल्यांदाच.

उजवी पडली तर मॅनेजर ठेवायचा, डावी पडली तर काढायचा, असं ठरलं. कंडक्टर लगेच कबूल झाला. मॅनेजरने नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी मूर्ती धुवायचं काम मी मागून घेतलं. आमची कारकुनांची बिऱ्हाडं यात पडत नसत, त्यामुळे उलट सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. ऑफिसातली डिंकाची बाटली माझ्या खिशात होती. मूर्ती धुतली, पुसली आणि डाव्या खांद्यावर, जिथे पाकळी लावतात तिथे, डिंकाचं बोट फिरवलं. सगळं मिळून जांभई द्यायला लागतो तेवढा वेळ. मला इतका आनंद झाला होता की परत येताना मी शीळ घालत होतो.

नऊच्या सुमाराला सगळी चाळ जमली. गुरव म्हणजे आमच्याच चाळीतले एक म्हातारे, गावी देवळाचं काम केलेले. त्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज तुका विचारूक इली हत. पाच म्याची हरली. बूट घालून हरली. ह्यो मॅनेजर ठेवचो काय काढचो, ता तू सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ एका सुरात म्हणाली. कंडक्टरचा आवाज सगळ्यांत वर होता.

उजवी पाकळी पडली. डावी दुपारपर्यंत तिथेच होती, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

मी पाकळीकडे पाहत नव्हतो, मॅनेजरकडे पाहत होतो. तो आनंदाने उडी मारेल अशी माझी कल्पना होती. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग पुढे होऊन मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कामावर गेला.

दोन दिवसांनी तो पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आला. "लिही, झिला," तो म्हणाला. "देवान कौल दिल्यान. माका येवक गावाचा नाय."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं: देवाने कौल दिला, मला येता येणार नाही. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

उत्तर आलं ते असं: देवाने ठेवून घेतलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. त्यानंतर तिच्या पत्रांत छपराची शाकारणी असे, फणस असत, गाय असे. घरी या, हे पुन्हा कधीही आलं नाही. मी प्रत्येक पत्र उघडताना ते शब्द शोधायचो आणि तोही माझ्या तोंडाकडे पाहत थांबायचा.

मैदानावर दुसराच प्रकार झाला. आम्ही हरतच होतो, पण आता कोणी बोलेना. देवाने ठेवलेल्या माणसाला शिव्या कोण देणार? दोन-अडीचशे माणसं चिखलात उभी आणि सगळी गप्प. चेंडूवर बसणारी लाथ ऐकू यायची. एकदा मॅनेजर स्वतः कंडक्टरजवळ गेला आणि म्हणाला, "काय रे, आज कायएक बोलणस नाय?"

कंडक्टरने डोक्यावरची टोपी काढली. "तुम्हाला काय बोलणार, मॅनेजर."

मॅनेजर परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पावसाळा संपल्यावर मी म्हटलं, "काका, मोसम संपला. आता जाऊन या गावाला."

"कधीपर्यंत ता देवान खंय सांगितल्यान?" तो म्हणाला.

खरंच, आम्ही मुदत विचारलीच नव्हती. ठेवायचा की काढायचा, एवढंच विचारलं होतं. पुन्हा कौल लावू म्हटलं तर तो म्हणाला, एकदा उत्तर मिळाल्यावर तेच विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. असे तीन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी पत्र आलं की गुडघे धरलेत, गवत कापवत नाही, गाय विकली. मी ते स्टुडिओच्या फाटकावर जाऊन त्याला वाचून दाखवलं. तो "बरा" म्हणाला आणि कार्ड घडी पडणार नाही असं खिशात ठेवू लागला.

मी तिथेच, भर दुपारी, त्याला सगळं सांगितलं. आत कुठल्याशा चित्रपटाचं ढोलकीवरचं नाच-गाणं चाललं होतं.

तो ओरडला नाही. मारेल असं वाटलं होतं, तेही केलं नाही. त्याने विचारलं, "मगे डावी पडाची होती?"

"ते आता कोणालाच कळणार नाही, काका."

त्याने फाटकाची कडी नीट लावली. मग म्हणाला, "माका व्हयी होती डावी."

चार दिवसांनी तो बोटीने गेला. संघ कंडक्टरकडे आला आणि त्या पठ्ठ्याने बूट काढले नाहीत. कंडक्टर ते घालायला लावू लागल्यावर लोक पुन्हा तोंड सोडून बोलू लागले आणि मैदान पहिल्यासारखं गाजू लागलं.

वर्षभराने मला गुरुजींच्या अक्षरात पत्र आलं. मजकूर मॅनेजरचा. तो लिहीत होता की त्याने बायकोला खरं सांगितलं. ती भांडली नाही. पण पेरणीआधी सगळा गाव कौल लावायला देवळात जमतो, तेव्हा ती घरी बसते. म्हणते, कोणाचा हात होता कोणास ठाऊक. लहानपणापासून एकदाही कौल न चुकवलेली बाई. तुझ्यावर राग नाही, त्याने लिहिलं होतं, पण तू एकदा ये आणि तिला समोर सांग की ते फक्त मुंबईत झालं, फक्त त्या एका दिवशी. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.

मी दोनदा रजा काढली. एकदा तर भाऊच्या धक्क्यापर्यंत गेलो, बोट भरताना पाहिली आणि शिडी ओढून घेईपर्यंत तिथेच बसून राहिलो. तिला काय सांगायचं ते पाठ होतं. तिने शपथ घ्यायला सांगितली तर ती कोणाची घ्यायची, एवढंच ठरत नव्हतं.