गॅसगळतीचा गुन्हेगार

हसायचं तर खुशाल हसा राव, पण आधी माझी अब्रू पूर्ण जाऊ द्या!

चाकणच्या आमच्या कंपनीत मी मेंटेनन्सचा साहेब. मशीनं थंड ठेवणारा मोठा चिलर माझ्याच ताब्यात. त्यातला फ्लोरिनवाला गॅस हवेत सुटला, की धुरापेक्षा कैक पटीनं पृथ्वी तापवतो. म्हणून भर मीटिंगमध्ये मी छाती ठोकली, "वरून गॅस भरत राहायची सवय आता बंद! गळती माझे फिटर शोधतील, तेच बुजवतील. ऑडिटला गळती दिसली, तर काम ठेकेदाराला द्या!"

बोलून बसलो ना! तीन फिटरांचं काम माझ्या जिभेवर टांगलेलं.

आणि खंडेनवमीची पूजा होऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोच चिलर थंड करेना. गॅस कमी! ऑडिट चार दिवसांवर.

"वरनं भरू का, साहेब?" आमचा जुना फिटर कोंडिभाऊ म्हणाला.

"अजिबात नाही! गळती सापडल्याशिवाय तोळाभरही भरायचा नाही. आणि ज्यानं ही केलीय, त्याला मी सोडणार नाही!"

तीन दिवस गळती शोधायचं यंत्र घेऊन मी चिलरला प्रदक्षिणा घातल्या. एकेक जोड साबणाच्या फेसानं माखला. संशय प्रत्येकावर! कोंडिभाऊला तर काय काय बोललो, आठवलं की आजही लाज वाटते.

एकच जागा उरली, चिलरवर टांगलेल्या माळेमागची. पूजेची झेंडूची माळ, पार वाळलेली. देवाची माळ काढणार कोण? शेवटी मीच हात जोडून बाजूला केली, आणि यंत्र असं किंचाळलं म्हणून सांगू! माळ टांगायला पत्र्यात हा लांबलचक स्क्रू मारलेला. मशीनच्या थरथरीनं त्याचं टोक आतल्या तांब्याच्या नळीला घासून घासून भोक पडलेलं.

"कुणी मारला हा स्क्रू?" मी गरजलो.

कोंडिभाऊनं मोबाइल काढून पूजेचा फोटो दाखवला. फेटा बांधून, हातात ड्रिल घेऊन, दात काढत उभा कोण? मी!

"दोऱ्यानं बांधतो म्हनलं व्हतं आमी," तो हळूच म्हणाला. "तुमीच म्हनला, पडंल."

मेलो! सगळ्यांसमोर कोंडिभाऊची माफी मागितली. पण हटलो नाही. फिटरांनी उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नळीचं भोक बुजवलं, दोनदा तपासली, मगच भरला.

ऑडिटरनं विचारलं, "गळतीचं कारण?"

"मी," मी ताठ मानेनं सांगितलं.

"पुन्हा होऊ नये म्हणून उपाय?"

कोंडिभाऊनं रजिस्टर पुढं सरकवलं. त्यात लिहिलेलं: 'साहेबांच्या हाती ड्रिल देऊ नये.'

ऑडिटरनं खाली शेरा मारला, 'उपाय योग्य. काटेकोरपणे पाळावा.'

काम माझ्या फिटरांकडेच राहिलं. ड्रिलसुद्धा!