पंधरा दिवसांची चिठ्ठी

कमळकाकी माझी चुलती. भाडेकरूंच्या दहा खोल्या एकटी सांभाळायची. नळ उघडा राहिला तर आयटीतल्या साहेबांचीही खरडपट्टी काढायची. अख्ख्या नेरे गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

सहा वर्षांपूर्वी गेणबाकाका गेले आणि तिची झोप उडाली. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. चारच दिवसांत ती चिठ्ठी घेऊन माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली.

"सुधीर, कागद फाटाय लागलाय. पलास्टिक मारून दे."

आमच्याकडे जपायचं ते सगळं लॅमिनेट होतं, आधार काय नि रेशनकार्ड काय. मी शहाण्याने चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. मशीनमधून काढली आणि गरम असतानाच हातात दिली.

त्या गुळगुळीत चिठ्ठीवर मेडिकलवाला सहा वर्षं गोळ्या देत राहिला. एकीच्या दोन झाल्या. काकी न्हाणीत पडली, बोलता बोलता शब्द विसरू लागली. एक दिवस माझ्या लेकीला, अपेक्षाला तिने विचारलं, "तू कुणाची गं?" तेव्हा कुठे मी चिठ्ठी वाचली. पंधरा दिवस, एवढंच लिहिलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी गोळ्या फेकल्या, मेडिकलवाल्याला दम दिला. काकीने शिव्या घातल्या, मग रडली, मग माझ्या पाया पडली. चुलती पुतण्याच्या पाया पडली! तरी मी हललो नाही. आपण तिला वाचवतोय, ही माझी ऐट.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिला फिट आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या. "या गोळ्या अशा एकदम तोडतात का? जिवावर बेतलं असतं! आम्ही सांगू तशा हळूहळू कमी करायच्या. कित्येक महिने लागतील."

"आणि तिची आठवण?"

"बघू," त्या म्हणाल्या.

आता गोळ्या माझ्या कपाटात असतात. जेवण झालं की काकी दारात येऊन हात पुढे करते. काल मी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कापलेला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो निरखून पाहिला.

"ल्हान दिलास व्हय रं?"

"व्हय काकी."

"मग उद्याचा बी आजच दे."

मी कपाटाला कुलूप लावलं. ती तिथेच उभी राहिली.