दोन घरांमधलं अंतर

नवऱ्याची नोकरी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत, म्हणून आम्ही सांगली सोडून चंदीगडला आलो आणि इथलेच झालो. मी आर्किटेक्ट आहे. एका छोट्या ऑफिसात काम करते. शाळेची वाढीव खोली, दवाखाना, एखादं कॅन्टीन अशी कामं आमच्याकडे येतात. त्या वर्षी ऐन मे महिन्यात शहराबाहेरच्या डेराबस्सीतल्या एका औषध कारखान्याचं काम आलं. त्यांना चाकांवरच्या घरांची वसाहत आखून हवी होती. ऑफिसात सगळे हसले. मीही हसले.

वसाहत खरं तर आधीच होती. कारखान्यामागच्या शेतजमिनीवर पक्कं बांधकाम करायला परवानगी नव्हती, म्हणून लोखंडी सांगाड्यावर टायर बसवलेली पत्र्याची तयार घरं त्यांनी तिथं आणून उभी केली होती. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, एका टोकाला न्हाणी. ट्रॅक्टरनं ओढून आणायचं, विटांच्या ठोकळ्यांवर टेकवायचं, वीज-पाणी जोडायचं की संसार सुरू. कारखान्यातले केमिस्ट आणि सुपरवायझर त्यात बायकामुलांसह राहत. आता तेवढीच घरं आणखी आणायची होती, तीही त्याच जागेत. "मॅडम, बस थोड़ा एडजस्ट करके बिठा दीजिए," मॅनेजर फोनवर म्हणाले. पंगतीत दोन पाट जास्त मांडायचे असावेत, असा त्यांचा सूर होता.

नवीन आखायच्या आधी आहे ते मोजायला हवं. म्हणून एका दुपारी मी मोजमापाचं यंत्र घेऊन एकटीच तिथं गेले. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. त्या आठवड्यात मी अशा वसाहतींचे नियम वाचून काढले होते. एका घराची आग दुसऱ्याला लागणार नाही इतकं अंतर हवं. प्रत्येक घर पोलादी पट्ट्यांनी जमिनीला बांधलेलं हवं. आगीचा बंब आत येऊन वळू शकेल असा रस्ता हवा. बाहेर पडायला दुसरी वाट हवी. आणि वादळात सगळ्यांना जमता येईल अशी एक तरी पक्की खोली हवी. घरी खुर्चीत बसून वाचताना हे सगळं नेहमीचंच वाटलं होतं.

तिथं उभी राहिले तेव्हा तसं वाटेना. दोन घरांच्या मधल्या बोळात मी हात पसरले तर दोन्हीकडे बोटं टेकली. त्याच बोळात प्रत्येक घराचा गॅसचा सिलिंडर ठेवलेला, आणि घराचं एकुलतं एक दारही त्याच बोळात उघडणारं. वरून विजेच्या तारा एका छपरावरून दुसऱ्या छपरावर गेलेल्या. रस्ता शेवटी एका भिंतीला जाऊन थांबत होता, बंब आत आला तरी वळलाच नसता. वाकून एका घराखाली पाहिलं. सांगाड्याखाली विटांचे ठोकळे, बास. पट्टी नाही, साखळी नाही, काही नाही. ते घर जमिनीवर नुसतं ठेवलेलं होतं, ओट्यावर भांडं ठेवावं तसं. मी नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, इथं काही झालं तर ही माणसं बाहेरच पडू शकणार नाहीत."

फोन ठेवला तर मागून आवाज आला, "ताई, मराठी का तुम्ही?"

दारात तिशीतली एक बाई उभी होती. नांदेडची. नवरा कारखान्यात केमिस्ट, सकाळच्या पाळीला गेलेला. इतक्या लांब कुणी मराठी बोलणारं भेटलं म्हणून तिचा चेहरा असा फुलला की नाही म्हणवेना. "चहा घेतल्याबिगर जाऊ देणार नाही," म्हणाली आणि मला आत घेऊन गेली.

आत तिची सासू कॉटवर बसली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शेजारी वॉकर. सात-आठ वर्षांची मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती. "किती छान रंगवलंयस गं," मी म्हणाले, तर ती मान वर न करता म्हणाली, "थैंक यू आंटी, अभी पूरा नहीं हुआ." आजी हसल्या. "आमची नात मराठी समजती सगळं. बोलत मात्र एक अक्षर नाही."

शेगडीवर आधण ठेवलं गेलं. मी तिच्या सासूला, मावशींना, गावाकडचं विचारत होते आणि मधेच माझ्या लक्षात आलं की खोलीतला उजेड बदललाय. पिवळा झालाय, हळदीच्या पाण्यासारखा. बाहेर एकही पान हलत नव्हतं. चंदीगडला राहून मला ती शांतता ठाऊक झाली आहे. पश्चिमेकडून आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते तेव्हा आधी असंच सगळं थिजतं. शहरातल्या घरात आपण खिडक्या लावतो, वाळत घातलेले कपडे आत घेतो. इथं काय करायचं?

"चला, बाहेर पडूया," मी म्हणाले. "कारखान्यात जाऊन थांबू."

"आईंना तिथवर चालवत न्यायचं म्हणजे..." ती म्हणाली. तिचं वाक्य पुरं झालं नाही. वारा आला.

आधी आवाज आला, ट्रक अंगावर यावा तसा. मग धुळीनं खिडकी काळी झाली आणि दिवे गेले. पत्रा थडथडत होता. आणि मग घराची एक बाजू उचलली गेली. फार नाही, पण पायाखालची जमीन सुटल्याचं मला स्पष्ट जाणवलं. पुन्हा ती धाडकन खाली बसली. मांडणीवरचे डबे कोसळले. मुलगी किंचाळून आईला बिलगली. मी कॉटचा लोखंडी दांडा धरून खाली बसले होते आणि डोक्यात एकच होतं, हे बांधलेलं नाही, हे बांधलेलं नाही.

पुढचा धक्का बाहेरून बसला. शेजारचं घर त्या दिवशी रिकामं होतं, तिथले लोक गावी गेले होते. ते घर विटांवरून घसरलं आणि आमच्या घरावर येऊन आदळलं. दाराचा पत्रा आत चेपला. सून धावली, कडी काढली, ढकललं. दार बोटभरही हललं नाही.

त्याच वेळी शेगडी आपोआप विझली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वास आला. बोळातल्या सिलिंडरची नळी तुटली होती आणि चेपलेल्या दाराच्या फटीतून गॅस आत येत होता. फुसफुस ऐकू येत होती. तिचा हात बॅटरीकडे गेला. "नको! कशालाच हात लावू नकोस," मी ओरडले. मेन स्विच बाहेर खांबावर होता. पंखा चालू होता तेव्हाच वीज गेलेली, फ्रिजही चालूच. म्हणजे वीज परत आली की हे सगळं आपोआप सुरू होणार. कुठं एक ठिणगी पडली तर? मी हे तिला बोलून दाखवलं नाही. तिला कळलंच होतं. केमिस्टची बायको ती.

पुढच्या खिडकीवरही शेजारचं घर टेकलं होतं. राहिली मागच्या खोलीतली एक खिडकी, तिला लोखंडी जाळी ठोकलेली. आम्ही दोघींनी जाळी ओढून पाहिली, लाथा मारून पाहिल्या. मग तिनं सासूचा वॉकर उचलला आणि त्याचे पाय जाळीवर हाणायला लागली. "देवा, देवा," म्हणत हाणत होती. भिंतच पातळ होती म्हणून वाचलो. जाळीचे स्क्रू एका बाजूनं पत्र्यासकट निघाले. आम्ही ती वाकवली, हात कापले, ते नंतर कळलं.

मुलीला आधी बाहेर सोडलं. "पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत जा पळत," आई म्हणाली. ती शेतावरची जुनी, छोटी पक्की खोली होती, मागेच, शेताच्या कडेला. मुलगी जागची हलेना. धुळीत समोरचं काही दिसत नव्हतं. "मम्मी, आप भी आओ ना." आई अशी ओरडली की मलाही दचकायला झालं. मुलगी धुळीत नाहीशी झाली.

मावशी कॉटवरून उठायला तयार नव्हत्या. "मला राहू द्या गं. तुम्ही निघा. लेकराकडं बघा." आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. सून म्हणाली, "गप बसा आई!" तिनं त्यांच्या काखेत हात घातले, मी पाय धरले. खिडकीपाशी आणल्यावर सून बाहेर उडी मारून गेली आणि तिनं खालून हात पसरले. मी आतून मावशींना ढकलत होते. त्या कण्हत होत्या. ऑपरेशन झालेला पाय वळवता येईना. घर हलत होतं. वास एवढा की डोकं गरगरायला लागलं. शेवटी मी डोळे मिटून त्यांना जोरात लोटलं. बाहेर दोघीही पडल्याचा आवाज आला आणि मावशींची किंकाळी.

आता मी एकटी आत होते. एक पाय खिडकीत टाकला आणि डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

वीज आली होती. पुढच्या खोलीत फ्रिज घरघरला. मी तशीच थिजले, एक पाय आत, एक बाहेर. मला वाटलं, झालं. ना देव आठवला, ना घरची माणसं. फक्त पंख्याचं पातं दिसत होतं. काहीच झालं नाही. पंखा नुसता फिरत राहिला. मग मी स्वतःला बाहेर झोकून दिलं.

नंतर कारखान्यातल्या माणसानं सांगितलं की गॅस बराचसा वाऱ्यानं उडून गेला असणार. असेल. मी ते वाक्य पुष्कळदा मनात घोळवलं आहे, पण त्यानं मला धीर आलेला नाही.

टाकीखालच्या खोलीत आणखी दोन कुटुंबं येऊन बसली होती. मुलगी त्यांच्यात होती. आईला पाहून ती पहिल्यांदा मराठीत बोलली, एकच शब्द, "आई." मावशींचं मनगट मोडलं होतं. त्या ते मांडीवर धरून बसल्या होत्या आणि माझ्याच पाठीवरून दुसऱ्या हातानं हात फिरवत होत्या, कारण मी थरथरत होते आणि ते थांबत नव्हतं. वारा जसा आला तसा गेला. बाहेर आलो तर रांगेतलं शेवटचं घर शेतात आडवं पडलं होतं, चाकं वर. त्यातली माणसं पाळीवर होती म्हणून वाचली. रात्रीची वेळ असती तर, असं कुणीतरी बोलायला लागलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

आठवड्यानं मी मॅनेजरांसमोर बसले. बरोबर ती नांदेडची बाई होती, मीच तिला बोलावलं होतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मावशींची चौकशी केली, मग म्हणाले, "आंधी तो हर साल आती है मॅडम. इस बार कुछ ज़्यादा थी." मी नियम सांगायला लागले. अंतर, पट्ट्या, रस्ता. ते मान डोलावत होते, पण नजर घड्याळाकडे होती. तेव्हा ती बोलली, हळू आवाजात, तिच्या नांदेडी हिंदीत. "सर, आप अपनी फैमिली लेके एक दिन हमारे घर में रहिए. हवा चलेगी तब रहिए." मॅनेजरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मी काढलेल्या नकाशात नवीन घरं जवळजवळ बसतच नव्हती. वाटलं होतं, काम हातातून जाईल. ते गेलं नाही. मालकांनी शेजारचं शेत भाड्यानं घेतलं आणि घरं लांब-लांब उभी केली. प्रत्येक घराच्या चारी कोपऱ्यांना पोलादी पट्ट्या लावून त्या जमिनीत काँक्रीटमध्ये पुरल्या. सिलिंडर दारापासून दूर गेले. खिडक्यांच्या जाळ्या आतून उघडता येतील अशा केल्या. वादळात सगळ्यांना जमता येईल अशा मोठ्या पक्क्या खोलीची परवानगी मात्र अजून अडकली आहे. दर महिन्याला मी त्याबद्दल विचारते आणि दर महिन्याला मला सांगतात, होऊन जाईल.

मी काम बघायला तिथं जाते तेव्हा प्रत्येक पट्टी हातानं ओढून पाहते. ठेकेदार हसतो, "मॅडम, पक्का है." मला माहीत असतं ते. तरी ओढते. नांदेडच्या त्या बाईच्या घरी गेले तरी आत फार वेळ बसवत नाही. चहा मी दाराबाहेर उभ्यानं पिते आणि तीही स्वतःचा कप घेऊन बाहेर येते.

मावशी नांदेडला परत गेल्या, त्या गेल्याच. पुन्हा इकडे येणार नाही म्हणतात. मनगट जुळलं, जरा वाकडं. मधून मधून त्यांचा मला फोन येतो. सुनेला विचारलं तर ती खरं सांगणार नाही, असा त्यांचा समज आहे. तब्येतीचं, पाऊसपाण्याचं बोलून झालं की त्या थांबतात, आणि मला कळतं आता काय येणार.

"बाई, तिकडं हवा कशी हाय?"

परवा त्यांनी विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या खिडकीत उभी होते. रस्त्यावरची धूळ उठायला लागली होती आणि समोरची सफेद्याची, म्हणजे निलगिरीची, झाडं एका बाजूला झुकली होती.

"छान आहे मावशी," मी म्हणाले. "अगदी शांत आहे."