पडून राहण्याचा आकडा

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी दिवसभर खुर्चीवर असते. गेल्या वर्षी वजन बहात्तर किलोवर गेलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात वय, उंची, वजन भरलं. आकडा आला तेराशे आठ.

"हा तुझा बीएमआर. नुसती पडून राहिलीस तरी शरीर दिवसाला एवढ्या कॅलरी खर्चतं," ती म्हणाली.

घरी दुसरं ॲप लावलं, त्यात चौदाशे तीन. एकाच अंगाचे दोन आकडे कसे? घाबरून मी लहान आकडा धरला आणि जेवण त्याच्याही खाली आणलं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढं अंधारी आली. मटकन खाली बसले.

मंद्रूपला शेतात राबणारी माझी थोरली बहीण, आक्का, दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोष काही निघाला नाही. त्यांनी आम्हाला डायटीशियन बाईंकडं पाठवलं.

तिथं वजन-चरबी मोजणाऱ्या मशीनवर अनवाणी उभी राहिले. बाराशे साठ! आता हा तिसरा.

"मी बी हुबी ऱ्हाऊ का?" आक्कानं विचारलं.

तिचा आकडा आला हजाराच्या आसपास. मी चक्रावले. ती माझ्या दुप्पट भाकरी खाते, तरी काटकुळी.

"मॅडम, मशीन बिघडलंय का?"

"नाही हो. यांचं वजन कमी, वय जास्त, म्हणून आकडा कमी. हा फक्त पडून राहण्याचा. कामाचा खर्च यावर वेगळा मिळवायचा. आणि ॲप असो की मशीन, सगळे अंदाजच."

"मी पडून कवा असते?" आक्का म्हणाली. "ताप आला तरी म्हशीची धार मलाच काढावी लागती की."

बाईंनी कागद पुढं ओढला. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमचं काम हलकं, मध्यम की जड?"

मी मनात हिशोब मांडला. आठ तास खुर्ची, दोन वेळचा स्वयंपाक. नळाला पाणी येतं त्या दिवशी दोन मजले बादल्या चढवायच्या, बाकीचे दिवस नाही. मग मी नेमकी कशात बसते? बाईंनी पेन्सिलीनं 'हलकं' लिहिलं आणि उपाशी राहू नका म्हणून बजावलं.

आता पोटभर जेवते, सकाळी तलावाकडं चालायला जाते. चार महिन्यांत तीन किलो उतरले. कुठल्या आकड्यानं, देव जाणे.

परवा फोनवर आक्काला विचारलं, "एवढं राबतेस, तुला जेवण पुरतं का गं?" हे मी तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, "पुरायचं काय त्यात? आसंल तेवढं खायाचं की."

म्हणजे पुरतं की नाही, मला अजून समजलेलं नाही. येत्या रविवारी मंद्रूपला जाऊन तिच्या ताटाशी बसणार आहे.